थिजलेलं खोबरेल

थंडी पडली की आमच्याकडचं खोबरेल थिजतं. आज सकाळी बाटली खिडकीत उन्हाला ठेवली. तेल कडेनं सुटू लागलं, पण मधला पांढरा गोळा काही हलेना. शेजारच्या खुर्चीत माझी बायको सुमन बसली होती. तिला विस्मरणाच्या आजारानं धरल्यापासून या घरात बोलणारा मी एकटाच.

पेशींवर संशोधन करणारी आमची लेक परवा फोनवर सांगत होती, “बाबा, पेशीवर ताण आला की ती नेहमीची कामं थांबवते. कामाचे निरोप बारीक थेंबांत गोळा करून जपते. त्यांना स्ट्रेस ग्रॅन्यूल्स म्हणतात. ताण सरला की थेंब विरघळतात आणि कामं पुन्हा सुरू होतात.”

“आणि नाही विरघळले तर?”

मेंदूच्या काही आजारांत ते थिजून बसत असावेत, ती म्हणाली. आईचंही तसंच झालंय का, हे मी विचारलं नाही.

त्या विज्ञानातलं मला ओ की ठो कळत नाही, पण थिजणं कळतं. म्हणजे मुळात ते जपणंच होतं. सुमननंही कुठल्याशा वाईट दिवसांत सगळं आत ओढून घेतलं असेल, माझ्या नावासकट, आणि बाहेर काढायचं राहून गेलं असेल.

गोळा विरघळला. कोमट तेल तळहातावर घेऊन मी तिच्या केसांत घातलं. तिनं डोळे मिटले आणि कितीतरी दिवसांनी बोलली, “आई, हळू चोळ ना.”

“बरं गं बाळा,” मी म्हणालो, जमेल तितक्या बारीक आवाजात.