खरात सरांची झिरो मेंटेनन्स गाडी

अपडाऊन करणाऱ्या मास्तरांकडे दोन गोष्टी फुकटात साठत जातात. एक कंबरदुखी आणि दुसरे किस्से. कंबरेवर मेहकरच्या डॉक्टरांचा इलाज चालू आहे. किश्शांवर इलाज नाही, कारण आमच्या खरात सरांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली!

जानेफळहून सुलतानपूरच्या शाळेत रोज जाणारे आम्ही तिघं. खरात सर गणिताचे, काळे सर इतिहासाचे आणि मी, वानखडे मॅडम, मराठीची. आधी आम्ही खरात सरांच्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या जुन्या डिझेल जीपमधून जायचो. ती जीप रस्त्यावर कमी आणि गॅरेजात जास्त असायची. शेवटी सरांनी ती विकली आणि एक दिवस स्टाफरूमच्या टेबलावर पेढ्यांचा डबा ठेवला.

"इंजिन नाही, ऑइल नाही, क्लच नाही, गिअर नाही. मेंटेनन्स झिरो!"

काळे सरांनी पेढा तोंडात टाकला. "सर, काहीच नाही, तर एवढे पैसे कायचे घेतले त्याइनं?"

स्टाफरूम हसली. घरी मात्र मामला हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. शोभावहिनींना, म्हणजे सरांच्या मिसेसना, किती वर्षांपासून स्वतःची पिठाची गिरणी घालायची होती. ओसरीतली जागासुद्धा ठरली होती. गिरणीसाठी बाजूला ठेवलेले पैसे गाडीच्या डाउन पेमेंटमध्ये गेले. सरांनी शब्द दिला, "सर्व्हिसिंगचे जे वाचतील त्यातच तुझी गिरणी येते बघ. वर्षाच्या आत!"

वहिनी म्हणाल्या, "हाव. पण एक ध्यानात ठेवा. या गाडीवर जे लागन, ते माह्या गिरणीतून गेलं असं मी समजीन."

नवरा गणिताचा मास्तर असला, की बायकोच्या वाट्याला वजाबाकीच येते.

*

गाडी आली तरी आबांच्या अंगातली जीप जायला तयार नव्हती. सकाळी उठले, की तोंडही न धुता गाडीत जाऊन बसायचे. स्टेअरिंग धरून, समोर बघत, एकदम सीरियस.

सर दात घासत बाहेर आले. "आबा, काय करून राह्यले?"

"गाडी गरम करून राह्यलो."

"हिला गरम करायची गरज नसते, आबा."

"कडाक्याची थंडी पडली हाये. गाडीले जीव नाई का?"

सरांनी मान हलवली. आबा थोड्या वेळानं काच खाली करून ओरडले, "गजा, हे चालूच होत नाई बे!"

"आबा, चालूच आहे ती. तिचा आवाज होत नाही."

"मले नको शिकवू. चालू असती तं तुही माय उठली असती!"

*

पहिली सर्व्हिसिंग आली. कंपनीचं सर्व्हिस सेंटर अकोल्याला. म्हणजे ज्या गाडीला काहीच लागत नाही, तिला सर्वात आधी सरांची सीएलची एक रजा लागली.

आबाही सोबत निघाले, काखेत रिकामं पोतं घेऊन. आबांचा आयुष्यभराचा नियम, गाडीचा बदललेला पार्ट गॅरेजवाल्याकडून मागून घ्यायचा. जुना पार्ट हातात आला तरच नवा टाकला असं समजायचं. नाहीतर हे लोक जुनाच पुसून बसवतात!

एसीत बसून चहा झाला, पेपर झाला. मग इस्त्रीच्या शर्टातला एक पोरगा आला. "झालं सर. सगळं ओके."

आबांनी पोतं पुढं केलं. "टाक."

"काय टाकू, काका?"

"जुने पार्ट."

"काही बदललंच नाही, काका. फक्त नवीन सॉफ्टवेअर टाकलं."

"मंग जुनं दे."

"जुनं काय?"

"सॉफ्टवेअर! नवं टाकलं ना तुम्ही? जुनं आमचं हाये. भंगारात इकू नाईतर घरी ठेवू, तुले काय करा लागते?"

पोरगा मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर हुशार होता. म्हणाला, "काका, तुमचं जुनं आम्ही काढलंच नाही. ते आतच आहे, त्याच्यावरच नवीन टाकलं."

आबांचं समाधान झालं. पोत्याची घडी केली, गाडीत बसले. वाशिम बायपास आला. मग म्हणाले, "गजा, तरीच मी म्हणतो. जुनंही आत, नवंही आत. वजन वाढलं ना बे! आता ॲव्हरेज काय देईन हे?"

घरी आल्यावर सरांनी छाती फुगवून बिल दाखवलं. झिरो!

वहिनींनी विचारलं, "आन् अकोल्याले जेवले ते?"

"जेवण गाडीचा खर्च आहे का?"

"गाडी नसती तं घरी जेवले असते."

थाळ्या दोन्ही गिरणीतून गेल्या.

*

मग दसरा आला. जीपचं बोनेट लोखंडी, बंपर लोखंडी, आबांचा हातही लोखंडी. दरवर्षी पूजा झाली, की ते जीपच्या बंपरवर नारळ फोडायचे. एका दणक्यात दोन वाट्या! यंदाही त्यांनी हार घातला, कुंकू लावलं आणि कोणी "आबा, थांबा" म्हणेपर्यंत सरांच्या गाडीच्या नाकावर नारळ हाणला.

नारळ साबूत राहिला. गाडीचं नाक फुटलं.

इन्शुरन्सचा माणूस पाहायला आला. मी तेव्हा प्रसाद द्यायला गेले होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलं.

"सर, धडक कशाशी झाली?"

"नारळाशी."

"नारळाच्या झाडाशी?"

"नाही हो. नारळाशी."

त्यानं पेन थांबवलं. "गाडी वेगात होती का?"

"गाडी उभी होती," सर म्हणाले. "नारळ वेगात होता!"

मी पदर तोंडाला लावून हसत होते. ओसरीकडे लक्ष गेलं आणि हसू थांबलं. गिरणीची जागा वहिनींनी दसऱ्यासाठी चुना मारून स्वच्छ करून ठेवली होती. त्या रिकाम्या कोपऱ्यापुढे रांगोळीसुद्धा काढली होती. मला खरंच वाईट वाटलं. सरांचा रागही आला. इन्शुरन्सनं अर्धेच पैसे दिले, बाकीचे कुठून गेले ते सांगायची गरज नाही.

*

हिवाळ्यात गाडीत उंदीर शिरला. शेजारी सोयाबीनची पोती रचलेली, त्याला बिचाऱ्याला काय कमी होतं? पण नाही. सोयाबीन सोडून त्यानं सरांच्या गाडीची वायर खाल्ली!

जीपची वायर तुटली, की आबा दातानं सोलून जोडायचे आणि चिकटपट्टी गुंडाळायचे. इथं अकोल्याहून फोनवर सांगितलं, "वायर जोडता येत नाही सर, अख्खा संच बदलावा लागतो." सरांनी आकडा ऐकला आणि बाजेवर बसले.

पुन्हा असं होऊ नये म्हणून कोणी सांगितलं तंबाखू ठेवा, कोणी सांगितलं डांबरगोळ्या ठेवा. आठवडाभर आम्ही नाकाला रुमाल लावून शाळेत गेलो. शेवटी सरांनी एक मांजर आणली. ती गाडीखालीच झोपायची, उंदीर खरंच बंद झाले. पण मांजर फुकट राबत नव्हती. रोज सकाळ-संध्याकाळ तिचा रतीब सुरू झाला.

एकदा फाट्यावर कोणीतरी कौतुकानं विचारलं, "सर, तुमच्या गाडीले पेट्रोल लागतच नाई म्हणता?"

मागच्या सीटवरून काळे सर म्हणाले, "नाई ना! दूध लागते!"

*

आता टायरचं. या गाडीला पिकअप भयंकर. पाय ठेवला, की गाडी सुटते. जीपमध्ये सरांना सायकलवालेसुद्धा ओव्हरटेक करून जायचे, त्याचं सगळं उट्टं सरांनी या गाडीत काढलं. मेहकर ते सुलतानपूर रस्त्यावर एकही एसटी त्यांनी पुढं राहू दिली नाही. बॅटरीमुळं गाडी आधीच वजनदार, त्यात हे असं पळवणं. टायर गुळगुळीत झाले, आमच्या मुख्याध्यापकांच्या टकलासारखे.

सरांनी घरी तयारीनं बाजू मांडली. "टायर हा मेंटेनन्स नसतोच मुळी. ती झिजणारी वस्तू आहे. चपलेसारखी."

वहिनींनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलं. मंग यंदा टायर घ्या, चप्पल नका घेऊ."

गणिताचे खरात सर वर्षभर अंगठ्याला सेफ्टी पिन लावलेली चप्पल घालून फळ्यापुढं उभे राहिले!

*

आणि हा शेवटचा.

पुढच्या दिवाळीला सरांना कुठून तरी लाज आली. त्यांनी घरच्या घरी दळायची गिरणी आणली आणि ओसरीत ठेवली. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. गल्लीतल्या बाया डबे घेऊन हजर झाल्या. पण आमच्याकडची लाईट! बरोब्बर सकाळी, दळणाच्या टायमाला जायची. बाया डबे तसेच उचलून गावाच्या त्या टोकाच्या गिरणीवर जायच्या. आठ दिवसांत ओसरी पुन्हा रिकामी. वहिनी गिरणीवर फडकं टाकून ठेवायला लागल्या.

अशातच एका संध्याकाळी घरी पाहुणे आले आणि लाईट गेली. सरांनी डिकीतून एक अडॅप्टर काढला, गाडीला लावला आणि घरात बल्ब पेटवून दाखवला. "अशी आहे आपली गाडी! वीज घेते तशी देतेही!"

पाहुणे थक्क. वहिनींनी एवढंच विचारलं, "मिक्सर चालते का याच्यावर?"

"मिक्सरच काय, घरातलं काहीही चालव!"

"बरं," वहिनी म्हणाल्या.

त्यानंतर महिना-दोन महिन्यांत सरांचा चेहरा उतरायला लागला. रात्री गाडी पूर्ण चार्ज करून झोपायचे. सकाळी उठून मळ्याकडे फिरायला जायचे. परत येऊन आम्हाला घ्यायला निघाले, की बॅटरी कमी! रोज! वर काचेवर पांढरी धूळ. धुळीपायी सर रस्त्याच्या ठेकेदाराला शिव्या द्यायचे, पण बॅटरीपायी कोणाला द्यायच्या?

एक दिवस शाळेतून येताना त्यांनी गाडी बाजूला घेतली. "मॅडम, बॅटरी बसली वाटते. हीच बदलायची म्हटली तर..." काळे सरांनीही त्या दिवशी मागून पाण्याची बाटली पुढं केली, यावरून काय ते समजा.

शनिवारी अकोल्याला जायचं ठरलं. मला साड्या घ्यायच्या होत्या म्हणून मीही बसले. वहिनी म्हणाल्या, "मीबी येतो. बॅटरी बदलाची असली तं माही गिरणी इकाच लागन. मंग माह्या समोरच होऊ द्या."

सर्व्हिस सेंटरला सर देवाचं नाव घेत बसले. इंजिनिअरनं लॅपटॉप लावला, बराच वेळ पाहिलं.

"सर, बॅटरी एकदम ठणठणीत आहे."

सरांनी श्वास सोडला.

"पण रोज सकाळी गाडी उभी असताना तिच्यातून वीज बाहेर जाते. चांगली दोन-दोन तास. गाडी उभी करून करता काय तुम्ही?"

"मी? मी तर फिरायला गेलेला असतो!"

तेवढ्यात आतून एक मेकॅनिक एसीचा फिल्टर दोन्ही हातांत धरून आला. फिल्टर पांढराफटक, गच्च भरलेला. "सर, बारा वर्षं झाली मला या लाईनमध्ये. असला फिल्टर पाहिला नाही. हे... पीठ आहे."

खरात सरांनी हळूहळू मान वळवून वहिनींकडं पाहिलं. वहिनी उठल्या. फिल्टरवरचं चिमूटभर पीठ उचललं, बोटांत चोळून पाहिलं.

"बाजरीचं हाये," त्या म्हणाल्या. "मंगलाबाईचं. तिले जाडंच लागते."

इंजिनिअर घसा साफ करत म्हणाला, "ताई, फिल्टर नवीन टाकावा लागेल. हा वॉरंटीत बसत नाही."

सरांचा हात खिशाकडं गेला. त्याआधी वहिनींनी कमरेची पिशवी सोडली. आत दहा-वीसच्या नोटा गच्च भरलेल्या होत्या. त्यांनी एक-एक नोट सरळ करून काउंटरवर ठेवली.

"दोन द्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात पापडाचे दळणं सुरू होतात."