कार्डाचं कुंकू

सातपूरच्या अर्ध्या कॉलनीची लग्नं वाल्मीकने सीडीवर चढवली होती. त्याच्या हातात नवरी गुलाबातून उगवायची, वरमाई चांदणीत विरायची आणि पाठवणीला पडदाभर लाल बदाम उडायचे. राहिलं होतं एकच लग्न, त्याचं स्वतःचं. त्यालाही तीन वर्षं झाली. बायको, मंजुषा, आता त्याविषयी विचारायचीही बंद झाली होती, आणि वाल्मीकला तेच जास्त लागत होतं.

तिची आई आक्काबाई लग्नाच्या दिवशी दवाखान्यात पडून होती. लेकीचं लग्न तिने पाहिलंच नव्हतं. यंदा दिवाळीला ती दिंडोरीहून येणार म्हटल्यावर वाल्मीक हलला. बदाम न अडखळता उडावेत म्हणून त्याने कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा झाली. कॅमेरा झाला, ट्रायपॉड झाला, विळी झाली. कार्ड मात्र कॉम्प्युटरच्या डब्याच्या आत, आणि पत्र्याला कुंकू लावून कार्डाला पोचतं हे मंजुषाला पटेना. मग वाल्मीकने डबा उघडून दिला. तिने कार्डावरच्या इवल्याशा पंख्याला मनापासून ओलं हळद-कुंकू लावलं आणि वर अक्षता वाहिल्या.

दसऱ्यापासून बदाम उडाला की नवरदेव हिरवा पडू लागला आणि चित्र जागच्या जागी गोठू लागलं. वाल्मीकने ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. अख्खं सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. कार्डाला कामाला जुंपणारं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद केलं की चित्र सुरळीत चाले, पण बदामाचा पत्ता नसे. सुरू केलं की नवरदेव पुन्हा हिरवा. त्याने हात टेकले की मंजुषा डबा उघडून आणखी कुंकू लावी, आणि कार्ड आणखी तापे.

आक्काबाई आली त्याच दुपारी खोलीत हळद करपल्याचा वास सुटला. वाल्मीकने डबा उघडून आत बॅटरी मारली. पंखा कुंकवाने घट्ट बसला होता आणि पात्यांत तांदूळ अडकले होते. त्याला हसावं की रडावं कळेना. त्याने ओलं फडकं घेतलं, तर मंजुषाने हात धरला.

“कुंकू पुसायचं नाही.”

“अगं, कार्डाचं आहे ते.”

“लावलंय मी. आणि आत लग्न आपलं आहे.”

 त्याने डबा मिटला, अ‍ॅक्सिलरेशन बंद केलं आणि मान खाली घालून बिनबदामाचं लग्न लावलं.

पडद्यावर अंतरपाटाआडून नवरदेव सारखे हातवारे करत होता.

“जावई काय करून राहिले?” आक्काबाईने विचारलं.

“कॅमेरावाल्याला लाइट डावीकडे घ्यायला सांगतायत,” मंजुषा म्हणाली.

मग पाठवणी आली. इथेच वाल्मीक सगळ्यात जास्त बदाम टाकणार होता, कारण नवरी कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. मावशीच्या गळ्यात पडली तरी तिची नजर मांडवाच्या दाराकडे होती. काकूच्या गळ्यात पडली तरी तिकडेच.

“कुनाकडं बघती गं सारखी?”

“तू येशील असं वाटत होतं,” मंजुषा म्हणाली.

आक्काबाईने खुर्ची पुढे ओढली. डोळ्यांना पदर लावला, पण पडद्यावरची नजर काढली नाही.

“वाल्मीकराव, तेवढं परत लावा.”

त्याने लावलं. मग पुन्हा लावलं. डब्यात कार्ड कपाळभर कुंकू लावून गार बसलं होतं.