फायरप्लेसमधली होळी

कॅनडात, मिसिसागातल्या आमच्या घरातली फायरप्लेस जुनाट झाली होती, हे मला कुणी सांगायला नको होतं. तपकिरी विटा, काळवंडलेली पितळी दारं आणि वर ठोकळ्यासारखी जाड लाकडी फळी. पाहुणे तिला 'रेट्रो' म्हणायचे. त्यांना काय म्हणायचं असायचं ते मला कळायचं. तरी ती तशीच राहिली, कारण आमची होळी तिच्यातच पेटायची.

बाबा गेल्यावर आई कायमची आमच्याकडे राहायला आली. त्या वर्षी होळीला मागच्या अंगणात गुडघाभर बर्फ होता. फायरप्लेसकडे बोट दाखवलं ते आईनेच. शेजारच्या ब्रॅम्पटनमधल्या भारतीय दुकानातून गोवऱ्या आणल्या, मध्ये नारळ ठेवला आणि धुराड्याची झडप उघडायला सगळेच विसरलो. घरभर धूर झाला. बोंब मारायचं काम स्मोक अलार्मनेच केलं. आई डोळे पुसत खो खो हसत होती. तेव्हापासून दर वर्षी पहिला घास आगीला, मग आपल्याला.

गेली दोन वर्षं आई विसरते आहे. आधी चष्मा विसरायची, मग वार, मग मलाच. कधी मी तिची मोठी बहीण असते, कधी कामाला ठेवलेली बाई. अशा माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? मी चिडते. घरूनच ऑफिसचं काम, मधेच तिची आंघोळ, तिचं जेवण, तेच तेच प्रश्न. संध्याकाळी भांडायचंही त्राण उरत नाही.

नोव्हेंबरात मी मीटिंगमध्ये असताना तिने स्वतःची शाल फायरप्लेसमध्ये ठेवून काडी लावली. वास आला म्हणून मी धावले. तिचा पदर जाळापासून वीतभर लांब होता. "आज होळी ना?" तिने मलाच विचारलं.

त्याच आठवड्यात कॉन्ट्रॅक्टर बोलावला. "आंटी जी, बहुत आउटडेटेड है, अच्छा किया," तो म्हणाला. मी मान डोलावली. लेकीलाही मी तेच कारण दिलं. "फायनली, मॉम!" ती म्हणाली. खरं कारण फक्त नवऱ्याला आणि मला माहीत होतं.

तीन दिवस फोडाफोड चालली. वरणातसुद्धा विटेची धूळ. "चूल का फोडताय गं?" आई विचारायची. दहा वेळा मी 'नवी करतोय' म्हटलं. अकराव्यांदा ओरडले, "तुझ्यामुळे!" पाच मिनिटांत ती विसरली, मी अजून विसरलेले नाही.

आता तिथे पांढऱ्या टाइल्स आहेत आणि काचेमागे विजेच्या ज्वाळा. रिमोटचं बटण दाबलं की हलायला लागतात. दिसायला छान आहे. धूर नाही, राख नाही, काही जळत नाही.

यंदा होळीला पुरणपोळ्या केल्या, पण आईला आठवण करून दिली नाही. पुरणाच्या वासानेच तिला आठवलं. ताटात तूप घातलेली पोळी घेऊन ती फायरप्लेससमोर उभी राहिली. मी रिमोट दाबला. तिने पोळीचा तुकडा मोडून पुढे केला. तो काचेला लागला. पुन्हा केला, पुन्हा लागला. काचेवर तुपाचे दोन डाग पडले. मला वाटलं, आता रडेल, किंवा मी तरी रडेन.

"हा काही खात नाही गं," ती माझ्याकडे वळून म्हणाली.

"नाही खात, आई."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तोच तुकडा तिने माझ्या ओठांशी आणला.

"मग तू खा. सकाळपासून उपाशी असशील. किती दमलीस, बाळ."

मी खाल्ला. बहिणीला ती कधी बाळ म्हणत नसे, कामाच्या बाईलाही नाही.