विमानाला पश्चिमेचा झरोका

इंदापूरच्या कुंडलिक सुताराला सगळे तात्या म्हणत. बैलगाडीच्या कामात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. पण छत्तीस साली आबाजीरावांच्या विमानानं त्याची मती पार गुंग करून टाकली. आबाजीराव पुण्यात मोटारींचं काम शिकून आलेले. विलायती मासिकातले नकाशे भिंतीला ठोकून, मोटारसायकलचं इंजिन आणून त्यांनी माळावरच्या पत्र्याच्या शेडात विमान जोडायला घेतलं. लाकूडकामाला अर्थातच तात्या.

"चाकांवर टोपणं बसवा तात्या, सगळ्या फटी बुजवा. वाऱ्याला कुठं धरायला जागा ठेवू नका."

चाक झाकायचं? मग चिखल अडकला तर? तात्याला उमगेना. तरी टोपणं अशी गुळगुळीत झाली की माशी बसली तर घसरावी. दुसऱ्या दिवशी आबाजीराव म्हणाले, "आता बसायच्या जागेत वारा यायला भोक पाडा, आत इंजिनाच्या धुराचा वास कोंडतो." आणि ते सामान आणायला बारामतीला निघून गेले.

"काल वारा नगं, आज वारा पायजे," तात्या घरी सरुबाईला म्हणाला. "डोस्कं कुणाचं फिरलंय, त्यांचं का माझं?"

"तुमी भोक पाडा. डोस्क्याचं मागनं बघू," बायको म्हणाली.

तात्यानं आपल्या परीनं विचार केला. वारा येतो पश्चिमेचा. खळ्यावर धान्य उफणायला त्याचीच वाट बघायची, घराचा झरोकाही त्याच अंगाला ठेवायचा. शेडात विमानाचं नाक दक्षिणेला होतं, म्हणजे उजवी बाजू पश्चिमेची. तिथं त्यानं सुरेख झरोका कोरला. इंजिनाच्या धुराची नळी नेमकी त्याच बाजूला, झरोक्याच्या जरा पुढं संपत होती.

उताविळीत आबाजीरावांनी भोक आहे एवढंच पाहिलं. विमान माळावर काढलं, चाकांना धोंडे लावले, आत बसून दार ओढून घेतलं. तात्यानं नाकावरचा पंखा फिरवला. इंजिन धडधडू लागलं. थोड्या वेळानं तात्यानं काचेतून डोकावलं, तर झरोक्यातून शिरलेला धूर आत कोंडलेला आणि आबाजीरावांची मान छातीवर पडलेली. त्यानं दार उघडून त्यांना ओढून बाहेर काढलं. वाऱ्यावर आडवं केल्यावर ते खोकले, तेव्हा कुठं तात्याचा जीव भांड्यात पडला.

"विमान आपला वारा समोरून घेतं, तात्या," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"मंग पश्चिम कुठं जाते?"

त्यांनी विमानाच्या नाकाकडं बोट दाखवलं. तात्यानं झरोका बुजवला, नाकाजवळ, नळीपासून लांब नवा पाडला. आबाजीराव चढायला निघाले, तर तो दारात आडवा झाला.

"पयला मी बसनार. भोक मी पाडलंय."

तो आत बसला, आबाजीरावांनी पंखा फिरवला, इंजिन चालू झालं. समोरून थंड वारा तोंडावर आला. बाहेर धूळ पश्चिमेच्या वाऱ्यानं भलतीकडंच उडत होती आणि तात्याला अजूनही काही कळत नव्हतं. तो गच्च डोळे मिटून श्वास घेत राहिला. अखेर आबाजीरावांनी इंजिन बंद करून दार उघडलं.

"वास आला का?"

"न्हाय."

"मग रडताय कशाला?"

"आता तुमी जित्तं ऱ्हाल म्हनून."