शेजाऱ्याच्या बापाची पेनल्टी

मेलेल्या बापाला रोज सकाळी उठवून मैदानात उतरवणारा माणूस मी आमच्या शेजाऱ्याशिवाय दुसरा पाहिला नाही. कोल्हापुरात नाही, नि साता समुद्रापलीकडच्या या एडिसनमध्येही नाही. गोरा, पंच्याऐंशीच्या घरातला, कान गेलेले, पण आवाज खणखणीत. मी पायरीवर टेकलो की कुंपणापलीकडून सुरू : "काका, माझे वडील स्कॉटलंडहून बोटीनं आले तेव्हा..." माझ्या मुलाचे मित्र मला काका म्हणतात, म्हणून तेच माझं नाव अशी त्याची समजूत. त्याच्या बापाला इथल्या सूतगिरणीनं बोलावलं ते हातांसाठी नव्हे, पायांसाठी. गिरणीचा फुटबॉलचा संघ होता. आठवडाभर नावाला दोरा गुंडाळायचा आणि शनिवारी गोल मारायचे. ही हकीकत त्यानं टपालवाल्याला ऐकवली, गवत कापणाऱ्याला ऐकवली, रक्त काढायला आलेल्या नर्सला सुई दंडात असताना ऐकवली. आमच्या गणपतीला आला, बूट काढून शहाण्यासारखा बसला, आणि आरती संपते न संपते तोच बापाची कॉर्नर किक कशी वळायची ते मोदक फिरवून दाखवायला लागला. सून म्हणाली, "बाबा, यांना आवरा ना, सगळे बोअर झालेत." मी काय आवरणार? मीच ऐकून ऐकून थकलेलो.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. फायनलला बापाची पेनल्टी हुकली. पुढं गुडघा गेला, गिरणी बंद पडली, आणि बाप जन्मभर एका शाळेत झाडू मारत राहिला. गाव त्याला ओळखायचं ते गोलच्या बारवरून चेंडू मारणारा म्हणून. शेजाऱ्याचं म्हणणं, चेंडू खांबाला लागला. नशीब आडवं आलं, पाय चुकला नाही. मोटेलात चादरी धुताना शिकलेल्या इंग्रजीत मी त्याला सुनवायचो, "अख्खं गाव सांगतंय ना वरून गेला? मग वरूनच गेला!" कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर होतो मी, मी कशाला ऐकतोय?

त्या मैदानावर आता दुकानाचं पार्किंग आहे. एकदा त्यानं मला तिथं दोन गाड्यांच्या मधे गोलकीपर म्हणून उभं केलं आणि पिशवीतला कोबी चेंडू म्हणून ठेवला. एक मराठी पोरगी काच खाली करून ओरडली, "काका, बाजूला व्हा ना प्लीज, रिव्हर्स घेतेय!" तेवढ्यात त्यानं लाथ मारली. कोबी तिच्या टायरवर आपटला. "खांब!" म्हणून म्हातारा नाचला.

गेल्या महिन्यात त्याची मुलगी त्याला लांब चँडलरला, आपल्या घरी न्यायला आली. घर विकलं गेलं होतं. निघायच्या सकाळी तो कुंपणाशी गप्प उभा. शेवटी मीच विचारलं, "काय रे, आज बोट लागली नाही वाटतं?"

खाली बघत म्हणाला, "काका, तू म्हणतोस तेच असेल. वरून गेला असेल."

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं भांडला, आणि आता बापाला असा टाकून निघाला?

"गप बस लेका. गोलकीपर मी आहे. खांबालाच लागला."

"तू कुठं होतास तिथं?"

"तू तरी कुठं होतास?"

 मुलीनं हॉर्न दिला तसा जाऊन गाडीत बसला. वळणावर काच खाली झाली आणि त्यानं हात बाहेर काढून दारावर मूठ आपटली, चेंडू खांबाला लागावा तशी. टक्.

शेजारी आता नवीन लोक राहायला आलेत. चांगली माणसं आहेत. बोलत नाहीत.