सासूबाईंची उशी आणि पहिली तार

सेवापुस्तिकेच्या पहिल्या पानावर त्यांचं वर्णन असं आहे: ‘हुद्दा: वरिष्ठ तंत्रज्ञ, प्रकाशीय अवतरण मार्गदर्शन यंत्रणा. उंची: मध्यम. बांधा: मध्यम. वर्तणूक: समाधानकारक. ओळखीची खूण: डाव्या कानामागे तीळ. सदर कर्मचाऱ्याच्या दक्षतेवर नौकेवर अवतरण करणाऱ्या प्रत्येक विमानाची व तदनुषंगिक मनुष्यबळाची सुरक्षितता अवलंबून राहील.’

यातला तीळ खरा आहे. बाकीचं कळायला जरा वेळ लागतो.

जहाजावर त्यांना सगळे भिंगमास्तर म्हणत. विमानं उतरतात त्या डेकच्या डाव्या कडेला त्यांचं यंत्र उभं होतं: मधोमध भिंगांचा उभा खांब आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या दिव्यांची आडवी रांग. पायलट बरोबर उतारावरून येत असला की त्याला खांबातला पिवळा गोळा हिरव्या रांगेत बसलेला दिसतो. तो वर असला तर गोळा वर, खाली असला तर गोळा खाली. फारच खाली आला तर गोळा लाल होतो, आणि तेव्हा पायलटनं विचार करत बसू नये, असं नियमावलीत लिहिलं आहे. विमानाच्या शेपटीखाली एक लोखंडी आकडा लोंबतो. डेकवर आडव्या ताणलेल्या चार तारांपैकी एकीत तो अडकला की विमान थांबतं. तिसरी तार सगळ्यात उत्तम, दुसरी चालते, चौथी म्हणजे उशीर झाला. पहिली तार जहाजाच्या मागच्या काठाला इतकी लगटून आहे की ती पकडणाऱ्याचं कौतुक कुणी करत नाही. सगळे आधी श्वास सोडतात आणि मग शिव्या देतात.

मेख अशी की गोळा बघायचा डोळ्यानं आणि तार पकडायची आकड्यानं. डोळा वर, आकडा खाली, आणि मधलं अंतर प्रत्येक जातीच्या विमानाला वेगळं. येणारं विमान कुठलं ते ऐकून ते अंतर यंत्रात भरायचं, हे भिंगमास्तरांचं काम. बावीस वर्षं हेच केल्यावर माणूस माणसांकडेही त्याच नजरेनं बघायला लागतो. मुलीनं एक दिवस एका तरुण पायलटला घरी आणलं आणि ‘बाबा, हाच तो’ म्हणून सांगितलं, तेव्हा दुसऱ्या एखाद्या बापानं पगार विचारला असता, व्यसनं विचारली असती. भिंगमास्तरांनी त्याला खुर्चीवर ताठ बसवलं, खिशातून टेप काढली आणि बैठकीपासून डोळ्यापर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहिलं.

“काय झालं?” बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

“उंच आहे,” मास्तर म्हणाले. “पण सीट अगदी खाली घेतली तर बसतो मापात.”

“म्हणजे हो म्हणू की नको?”

“म्हण.”

मुलगा त्यांच्याच जहाजावरचा निघाला, त्यामुळे एक चमत्कारिक परिस्थिती उद्भवली. जहाजावर जावई अधिकारी. मास्तरांनी उभं राहून त्याला ‘सर’ म्हणायचं. घरी मास्तर सासरे. जावयानं उभं राहून त्यांना ‘बाबा’ म्हणायचं. जहाजाच्या अरुंद बोळात समोरासमोर आले की दोघंही भिंतीला चिकटून उभे राहत, आणि तिसरा कुणी येऊन मधून जाईपर्यंत कुणीच हलत नसे.

लग्नानंतर दीड वर्ष जावई बिनबोभाट दुसरी तार पकडत होता. किंचित खालून यायची त्याची सवय होती, पण पहिली तार हातभर मागे टाकून तो टेकायचा आणि दुसरीत अडकायचा. मग एका सफरीत त्यानं पहिली तार पकडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली. पाच दिवसांत पाच वेळा पहिली.

डेकच्या कडेला उभं राहून प्रत्येक उतरणीला शेरा देणारा एक अधिकारी असतो. त्यानं जावयाला बोलावून स्वच्छ सांगितलं, “अजून एकदा पहिली तार, की तू जमिनीवर. कायमचा. खुर्ची-टेबलाची सोय करतो.” आणि मग त्यानं मास्तरांना बोलावलं.

“मास्तर, राग मानू नका. घरी सगळं ठीक ना?”

“म्हणजे काय सर?”

“तुमचा दिवा सगळ्यांना बरोबर दाखवतो. एकट्या जावयालाच खाली आणतो. आमच्यात आता कुजबुज चाललीय की मुलीला काही त्रासबीस आहे का.”

मास्तरांनी कपाळावर हात मारला. यंत्र त्यांनी तीनदा तपासलं होतं. एकदा तर खांबाशेजारी अख्खी दुपार बसून काढली होती, दुखणाइताजवळ बसतात तशी. यंत्रात काडीचा दोष नव्हता. शेवटी ते टेप घेऊन डेकवर रांगत गेले आणि आकड्यानं डेकवर काढलेले ओरखडे मोजू लागले. पाचही ओरखडे जिथे असायला हवे होते त्याच्या दीड मीटर अलीकडे होते. कमी ना जास्त, पाचही वेळा दीडच मीटर. हात चुकणारा माणूस इतका नेमका चुकत नाही. मास्तरांनी वहीत हिशेब मांडला. उतार ठरलेला, गोळा जागेवर, तर मग उत्तर एकच निघत होतं: जावयाचा डोळा चार बोटं वर गेला होता.

लग्नानंतर माणूस वाढतो, पण या दिशेनं नाही.

ते खाली, विमानं ठेवतात त्या मोठ्या दालनात गेले. जावई नुकताच विमानातून उतरत होता आणि त्याच्या काखेत एक उशी होती. निळ्या कापडावर गुलाबी फुलं. मास्तरांच्या बेडरूमच्या खिडकीला याच कापडाचे पडदे होते.

“सर,” मास्तर आजूबाजूला बघत हळूच म्हणाले, “ही काय भानगड आहे?”

“या सफरीला निघताना आईंनी दिलीय, बाबा,” जावई तेवढ्याच हळू आवाजात म्हणाला. “मी एकदा बोलून गेलो, सीट टणक आहे म्हणून. प्रत्येक फोनवर विचारतात, उशी घेता ना? मी शब्द दिलाय.”

“सीटवर वरून काही ठेवायला सक्त बंदी आहे, माहितेय ना?”

“माहितेय.”

“मग खोटं सांगायचं, घेतो म्हणून.”

“तुम्ही त्यांच्याशी खोटं बोलून बघितलंय कधी?”

मास्तरांनी एकतीस वर्षांत दोनदा बघितलं होतं.

उशीची तक्रार वर करायची सोय नव्हती. सीटवर उशी सापडली तरी जावई जमिनीवरच जाणार होता. नशिबानं जहाज आठ दिवसांसाठी धक्क्याला लागत होतं. मास्तर उशी पिशवीत घालून घरी गेले आणि चहा होईपर्यंत ती खुर्चीमागे दडवून बसले.

“उशी परत का आणलीत?” बायकोनं पिशवी बघताच विचारलं. “आवडली नाही त्यांना?”

“आवडली. फार आवडली. फक्त चार बोटं जाड झालीय.”

“माझी उशी जाड झाली? अहो, गाठोड्यासारखं ठासून भरलाय कापूस. बसली तर सांगा.”

“तेच तर. बसतच नाही.”

“आता उशीनं विमानं पडायला लागली म्हणा ना!”

मास्तरांनी चहा बाजूला ठेवला, खडूनं समोरच्या भिंतीवर एक रेघ ओढली आणि खुर्ची तिच्यापुढे आणली. “बस इथे. डोळा रेघेला लागला?”

“लागला.”

“आता उशी घेऊन बस. आता डोळा कुठे आहे?”

“रेघेच्या वर.”

“पण पायलटला डोळा रेघेवरच ठेवायचा असतो, कारण माझा दिवा तिथे आहे. तर मग तू काय करशील?”

बायकोनं विचार केला. “खुर्ची खाली नेईन.”

“खुर्चीखाली काय आहे?”

“फरशी.” ती थबकली. “अगं बाई! म्हणजे खुर्चीचे पाय फरशीत जाणार.”

“विमानाला पाय नाहीत, आकडा आहे. आणि फरशीच्या मागे समुद्र आहे.”

तिनं बुडाखालची उशी काढून मांडीवर घेतली. मग म्हणाली, “मला आधी का नाही सांगितलंत?”

“मला तरी कुठे माहीत होतं?”

“दीड वर्षं एका जहाजावर आहात दोघं. जावयाच्या बुडाखाली काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, आणि म्हणे विमानं उतरवतात.”

उशी परत घ्यायला मात्र ती तयार होईना. “दिलेली वस्तू काढून घेतली तर पोरीला काय वाटेल? आई चिडली वाटेल. उशी जाईल. फक्त बारीक होऊन जाईल.” तिनं कात्री घेतली आणि शिवण उसवली. मास्तर समोर व्हर्नियर कॅलिपर घेऊन बसले. ती कापूस काढी, ते उशीवर बसत, उठत आणि माप घेत. चौथ्यांदा बसले तेव्हा उशी अर्ध्या बोटावर आली होती.

“आता ती कळणारसुद्धा नाही त्यांना,” बायको कुरकुरली.

“कळायला नकोच आहे.”

“मग उपयोग काय तिचा?”

“तुझा फोन आला की तो खरं बोलेल.”

यावर ती हसली आणि शिवण पुन्हा घातली, अगदी बारीक टाक्यांची.

जहाज निघाल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला जावयाची पाळी आली. डेकवर नेहमीपेक्षा जरा जास्त माणसं रेंगाळत होती. मास्तरांनी यंत्रात अंतर भरलं, पुन्हा वाचलं, आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. रेडिओवर जावयाचा आवाज आला, “गोळा दिसला.” विमान मोठं होत गेलं. आकडा डेकला लागल्याचा खणखणाट झाला, विमानानं पुढे झेप घेतली आणि करकचून थांबलं.

“दुसरी!” कुणीतरी ओरडलं.

शेरा देणारा अधिकारी मास्तरांजवळ आला. “काय केलंत हो मास्तर?”

“काही नाही सर. पुसलं.”

त्या महिन्याच्या अहवालात नोंद झाली: ‘भिंगयंत्रणेची सर्वंकष स्वच्छता व पुनर्संरेखन केल्यामुळे अवतरणातील तफावत पूर्णतः दूर झाली आहे. संबंधित तंत्रज्ञाची तत्परता प्रशंसनीय आहे.’

उशीतून निघालेला कापूस सव्वा किलो भरला.