आत्तीसाठी बदललेलं पान

माझी आत्ती, म्हणजे वडिलांची बहीण, लग्नानंतर दोन वर्षांतच सासर सोडून बेळगावातल्या आमच्या वडगावच्या घरी आली. वर्षभरानं आजोबा तिला परत पोचवायला गेले, तेव्हा सासूनं दार उघडलं नाही. दोघं तासभर ओट्यावर बसली आणि आली तशी परत फिरली. हे मला आईकडून कळलं. आत्ती स्वतः त्याबद्दल कधी बोलली नाही. वडील मागावर साड्या विणायचे, ती रहाटावर त्यांच्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. तिला वाचता येत नव्हतं.

मी सातवीत असताना शाळेच्या मैदानात पुस्तकांची गाडी आली. रशियात छापलेली मराठी पुस्तकं, गुळगुळीत कागदाची आणि इतकी स्वस्त, की वडिलांनी त्यातलं सगळ्यांत जाड मला घेऊन दिलं. "वरीसभर पुरंल," म्हणाले. जुनी कादंबरी होती. एक मोठं जमीनदार घराणं, तिघे भाऊ, त्यांच्या बायका, कजाग सासू आणि मध्येच येणारं युद्ध. शाळेतून आले की मी आत्तीजवळ बसून मोठ्यानं वाचायची. त्यातली नावं माझ्या तोंडात बसेनात. आत्ती म्हणाली, "नावं ऱ्हाऊ दे गं. थोरला, मधला, धाकटा म्हण. घरातल्यावानी."

तिचा सगळा जीव थोरल्या सुनेवर. ती भांडून घर सोडून गेली, तेव्हा आत्तीनं त्या दिवशी पुढं वाचू दिलं नाही. पुढं कितीतरी प्रकरणांनंतर ती सून बर्फातून चालत परत येते आणि दार वाजवते. आत्तीनं रहाट थांबवला. माझी नजर दोन ओळी पुढं गेली होती. सासू आत शेगडीपाशी बसून ती थाप ऐकते आणि उठत नाही, असं तिथं छापलं होतं. मी आत्तीकडं बघितलं आणि वाचलं, "म्हातारीनं उठून दार उघडलं."

"आत घेतलं व्हय?"

"घेतलं."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "वाच पुढं."

पुस्तकातली सून पुढं शहरात एकटीच मरते. मी तिला घरात ठेवली. चार दिवस मनानं रचून वाचत होते, आणि खरं सांगायचं तर मला त्यात मजाही येत होती.

ऐंशीच्या दशकात बेळगावात टीव्ही दिसू लागला, तोवर माझं लग्न होऊन मी टिळकवाडीत राहायला गेले होते. आमच्या ओळीत पहिला सेट आमच्याकडं आला. एकदा जाहिरात लागली, त्याच रशियन कादंबरीची मालिका दर रविवारी दुपारी दाखवणार होते. मी आनंदानं वडगावला जाऊन आत्तीला सांगून आले. त्या पानाची मला आठवणसुद्धा झाली नाही.

रविवारी ती रेल्वे गेट ओलांडून चालत आली. यांचे साहेब आणि त्यांच्या पत्नीही आल्या होत्या. मंडळी खुर्च्यांवर, आत्ती टीव्हीसमोर चटईवर. बोलणं रशियन, खाली इंग्रजी अक्षरं. मी तिला हळूच मराठीत सांगत होते, पण तिला फार सांगावं लागत नव्हतं. "ह्यो थोरला! आगं, सासू बघ की, बघून तरी कळतंय!" ती खुदकन हसायची, मागं वळून सगळ्यांना सांगायची.

साहेबांच्या पत्नी म्हणाल्या, "जरा आवाज कमी करता का?" त्या टीव्हीकडं बघत नव्हत्या.

माझे कान तापले. "आत्ती, गप्प बस जरा," मी म्हटलं. ती गप्प बसली. पुढच्या रविवारी आली, तीही शेवटपर्यंत गप्पच. तिसऱ्या आठवड्यात मी भावाकडून निरोप धाडला, टीव्ही बिघडलाय. चौथ्यातही तोच निरोप. मग ती यायची थांबली. शेवट बघून तिला धक्का बसेल, म्हणून आपण हे केलं, अशी मी मनाची समजूत घातली. पण ते पान मला आठवलं ते निरोप धाडल्यानंतर. खरं कारण साहेबांच्या पत्नीच होत्या.

दिवाळीला माहेरी गेले. आत्तीनं टीव्ही दुरुस्त झाला का, हे विचारलं नाही. म्हणाली, "मी बघितलं गं समदं. शहापुरात रेडिओच्या दुकानात काचंमागं टीव्ही ठेवल्याला असतोय. आवाज येत न्हाय, पण आपल्याला ठावंच हाय की." मग जरा रागानं म्हणाली, "त्यांनी दार उघडल्यालं दाखवलंच न्हाय बघ. असं कसं करत्यात? कांड्यावाल्या बायकांसंगं भांडले मी. म्हटलं, आमच्या पोरीनं वाचल्यालं हाय, टीव्हीवाल्यांचं चुकलंय. पुस्तकात हाय न्हवं तसं?"

तेव्हा सांगता आलं असतं. घरात आम्ही दोघीच होतो.

"हाय," मी म्हटलं.

"मग येकदा पुस्तक घिऊन ये. त्येवढं पान परत वाच."

"आणते," म्हणाले. पुस्तक टिळकवाडीत माझ्या कपाटातच होतं. पुढं कितीतरी वेळा वडगावला गेले. फळं नेली, स्वेटर नेला, तिच्या गुडघ्यांसाठी तेल नेलं. पुस्तक नेलं नाही. कुठला शेवट वाचायचा, हे मला ठरवता येईना. तिनं दोनदा आठवण करून दिली, मग तो विषय सोडून दिला. पुढच्या उन्हाळ्यात ती ताप येऊन आठ दिवसांत गेली.

दिवसकार्याला तिच्यासोबत कांड्या भरणारी एक म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "गेल्या साली पार दिवाळीपतूर दर आयतवारी दुपारी तुझी आत्ती ठेवणीतली साडी नेसून निघायची. आमी इचारलं, कुठं चाललीस गं? तर म्हणायची, पोरीच्या घरी, टीव्ही बघाय."